दमयंतीने देव का नाकारले?

(कर्वेनगर, पुणे येथे पालक आणि किशोरवयीन मुली यांच्या एकत्रित मेळाव्यात 'पुराणकथा आणि आजच्या मुलींचे वाचन' या विषयावर केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



संयोजकांनी विषय मोठ्या सभ्य शब्दांत मांडला आहे. परंतु त्यामागची काळजी काय आहे, ते मी जाणून आहे. गेली काही वर्षे ओळखीतल्या अनेक पालकांकडून एकच तक्रार ऐकतो आहे. मुलगी जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या वाचते, मुखपृष्ठावर मुकुट, खंजीर आणि काटेरी वेली असतात, आत कुणी शापित राजपुत्र असतो, कुणी यक्षासारखा अमर पुरुष असतो आणि त्याच्यावर भाळलेली सतरा-अठरा वर्षांची मुलगी असते. अलीकडे त्यात आपलीच नावे येऊ लागली आहेत. यम, अप्सरा, पांडव, नाग. आता हे वाचू द्यावे की काढून घ्यावे, असा तो प्रश्न असतो.

काढून घेऊ नये, हे माझे उत्तर प्रथमच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या रांगांतील चेहऱ्यांवरचा ताण थोडा कमी होईल. मात्र एवढ्याने विषय संपत नाही. मुलगी काय वाचते यापेक्षा, तिच्या हाती आपण काय दिले नाही, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याविषयीच आज बोलणार आहे.

प्रथम ही पुस्तके काय आहेत, ते थोडक्यात पाहू. २००५ साली अमेरिकेत दोन पुस्तके आली. स्टेफनी मेयर यांचे 'ट्वायलाइट' आणि रिक रिओर्डन यांचे पर्सी जॅक्सन मालिकेतील पहिले पुस्तक. पहिल्यात एक शाळकरी मुलगी रक्तपिपासू परंतु अमर आणि देखण्या तरुणाच्या प्रेमात पडते. दुसऱ्यात ग्रीक देवांची मुले आजच्या न्यूयॉर्कमध्ये वावरतात. या दोन प्रवाहांच्या संगमातून किशोरवयीनांसाठीच्या अद्भुत प्रेमकथांचे आजचे अमाप पीक आले. २०१५ साली सारा मास यांचे 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' आले. हे पुस्तक आरंभी किशोरांसाठी म्हणून विकले गेले, पुढे प्रकाशकांनीच ते प्रौढांच्या कप्प्यात हलवले. आयांनी एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की मुखपृष्ठ सारखे दिसले तरी आतला मजकूर सारख्या वयासाठी असतोच असे नाही. स्वतः पन्नास पाने वाचून पाहावीत. मुलीच्या दप्तराची झडती घेण्यापेक्षा ते अधिक शोभते.

आणि मग २०१६ साली रोशनी चोक्शी यांची 'द स्टार-टच्ड क्वीन' ही कादंबरी आली. लेखिकेचे वडील भारतीय, आई फिलिपिनो, वाढ अमेरिकेतली. नायिका माया ही भारत नावाच्याच राज्यातील राजकन्या. तिच्या पत्रिकेत मृत्यूशी विवाह लिहिलेला. राजवाडा तिला अपशकुनी मानतो. एक अनोळखी राजा तिला वरून आपल्या गूढ नगरीत घेऊन जातो आणि पुढे उलगडते, की तो साक्षात मृतांचा स्वामी धर्मराज आहे. २०१८ साली याच लेखिकेने 'आरू शाह' ही लहान मुलांसाठीची मालिका सुरू केली. तीत पांडव मुलींच्या रूपाने पुन्हा जन्मास आले आहेत. तिकडे वाढणाऱ्या आपल्या मराठी मुलींना ज्या पुस्तकात आपल्या आजीच्या गोष्टींतली नावे भेटतात, ते पुस्तक त्या उराशी धरून झोपणारच. तो दोष पुस्तकाचा नाही आणि मुलीचा तर नाहीच.

काही मंडळींना यमाची प्रेमकथा म्हटल्याबरोबर संताप येतो. मला येत नाही. परंतु एका जागी मी थबकतो. त्या कादंबरीत राजा मायेला म्हणतो, की माझ्यावर विश्वास ठेव, सर्व काही आत्ताच सांगता येणार नाही, अमुक काळ लोटू दे. ही अट या साऱ्या कथाप्रकारात पुन्हा पुन्हा येते. तो कोण आहे हे विचारायचे नाही, त्याचा चेहरा पाहायचा नाही, अमुक दालनात जायचे नाही. तिचे मूळ फार जुने आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अपुलेयस या लॅटिन लेखकाने सांगितलेल्या क्युपिड आणि सायकीच्या कथेत पतीचे मुख पाहण्यास मनाई आहे. दुसरी गोष्ट अशी, की पुष्कळदा शेवटी मानवी नायिका स्वतः मानव राहत नाही. 'ट्वायलाइट'ची नायिका अखेरीस रक्तपिपासू अमरांपैकी एक होते. मास यांची नायिका मरून अमर कुळात पुन्हा जिवंत होते. म्हणजे प्रेमाचे पारितोषिक अमरत्व आणि प्रेमाची किंमत अज्ञान. सर्वच पुस्तके अशी आहेत, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पर्सी जॅक्सनला देव अमरत्व देऊ करतात आणि तो ते नाकारतो, हे येथे मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

विदर्भाची राजकन्या

आता आपल्याकडे वळू. महाभारताच्या वनपर्वात नलोपाख्यान आहे. द्यूतात सर्वस्व हरलेला युधिष्ठिर बृहदश्व ऋषींना विचारतो, की माझ्याहून दुःखी राजा कधी झाला आहे काय? त्याचे उत्तर म्हणून ऋषी नल-दमयंतीची कथा सांगतात. दमयंती ही विदर्भाची, कुंडिनपुरची. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे, ते हेच अशी आपली परंपरा सांगते. पुण्याच्या मुलीला न्यूयॉर्कमधील देवांचे पत्ते पाठ असतात. दमयंतीचे गाव एस.टी.ने गाठता येते, हे तिला कुणी सांगितलेले नसते.

हंसाच्या मुखातून परस्परांचे गुण ऐकून दोघांचे मन जडते. हा भाग आपल्याला ठाऊक आहे. रघुनाथपंडितांच्या काव्यामुळे आणि रविवर्म्याच्या चित्रामुळे तो मराठी घरांत पोहोचला. पण आपण हंसापाशीच थांबलो. पुढचे पाहा. दमयंतीच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चार देव निघतात. वाटेत त्यांना नल भेटतो आणि ते त्यालाच दूत करून दमयंतीकडे पाठवतात. जिच्यावर प्रेम आहे, तिला दुसऱ्यासाठी मागणी घालायची! नल शब्दाला बांधलेला आहे. तो अंतःपुरात जातो, आपण नल आहोत हे सांगतो, देवांचा निरोप इमानाने देतो, त्यांना वरण्यात तुझे हित आहे, असेही समजावतो. लपवाछपवी नाही. दमयंतीच्या डोळ्यांत पाणी येते, पण बुद्धी डळमळत नाही. ती म्हणते, सर्व देवांसह तू स्वयंवराला ये, मी सर्वांदेखत तुलाच वरीन. म्हणजे तुझ्याकडे दोष येणार नाही. निर्णयही तिचा आणि त्यातली युक्तीही तिचीच.

स्वयंवराच्या दिवशी मंडपात पाच नल बसलेले. चौघे देव त्याचे रूप घेऊन आलेले. दमयंती क्षणभर गोंधळते, मग आपल्या सत्याच्या बळावर देवांनाच शरण जाऊन म्हणते, की मला नल ओळखू द्या. देव आपली लक्षणे प्रकट करतात. चौघांच्या अंगावर घाम नाही, पापण्या लवत नाहीत, माळा कोमेजलेल्या नाहीत, धुळीचा कण नाही, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पाचव्याची सावली पडली आहे. त्याची माळ मलूल झाली आहे. अंगावर धूळ आणि घाम आहे, पापण्या मिटत आहेत, पाय भुईवर आहेत. दमयंती पुढे होते आणि त्या घाम आलेल्या, धुळीने माखलेल्या माणसाच्या गळ्यात वरमाला घालते.

मुलींनो, तुमच्या कादंबऱ्यांतल्या राजपुत्राला कधी घाम येतो का, ते एकदा पाहा. जगाच्या वाङ्मयात अमर पुरुषावर भाळणाऱ्या नायिका पुष्कळ आहेत. चार-चार देव समोर बसले असता, कोण मरणार आहे ते नेमके हेरून त्यालाच वरणारी नायिका दुर्मीळ. ज्याची सावली पडते तो माझा, असे ती ठरवते.

सावित्री तर याहून एक पाऊल पुढे आहे. तीही वनपर्वातच येते. द्रौपदीएवढी पतिनिष्ठ दुसरी कुणी आहे काय, या युधिष्ठिराच्याच प्रश्नावर मार्कंडेय तिची कथा सांगतात. मद्रदेशाच्या अश्वपतीने अठरा वर्षे उपासना केल्यावर झालेली ही कन्या इतकी तेजस्वी, की तिला मागणी घालण्याचे कुणा राजाला धैर्य होईना. तेव्हा पिता म्हणतो, बाळ, तूच जा आणि तुझा वर शोध. वृद्ध मंत्र्यांसह ती सोन्याच्या रथातून देशोदेशीच्या आश्रमांत फिरते आणि राज्य गमावलेल्या, अंध झालेल्या द्युमत्सेनाचा मुलगा सत्यवान निवडून परत येते. नारद सांगतात, की बरोबर एक वर्षाने हा मरणार. पिता म्हणतो, दुसरा शोध. ती म्हणते, निवड एकदाच होते. म्हणजे मृत्यूची तारीख हाती असताना केलेले हे लग्न आहे. यम येतो तेव्हा ती त्याच्यामागे चालत राहते आणि बोलत राहते. सात पावले बरोबर चालले, की मैत्री होते, तेव्हा आपण मित्र झालो, असे ती साक्षात यमाला म्हणते. सासऱ्याची दृष्टी, त्याचे राज्य, पित्याला पुत्र, स्वतःला पुत्र, अशी वरांची साखळी गुंफत अखेरीस पतीचे प्राण मिळवते.

या आख्यानात एक दृश्य आहे, ते मला फार हृद्य वाटते. सत्यवान जागा होतो, तेव्हा रात्र झालेली असते. रानात अंधार, तो अशक्त. सावित्री केस बांधते, फळांची टोपली झाडाला टांगते, कुऱ्हाड स्वतः घेते, त्याचा हात आपल्या डाव्या खांद्यावर घेते, उजव्या हाताने त्याला आधार देते आणि चालू लागते. मृत्यूवर विजय मिळवलेली स्त्री घरी जाण्याची व्यवस्था बघते आहे. टोपली उद्या नेता येईल, कुऱ्हाड मात्र रानात बरोबर असली पाहिजे, एवढे भान तिला आहे.

या आख्यानात वडाला फेऱ्या मारण्याचा उल्लेखसुद्धा नाही. ती रीत व्रतकथांतून आली. व्रताविषयी माझे काही म्हणणे नाही, माझ्या घरीही ते होते. पण रथ घेऊन वर शोधायला निघालेली, नारदांसमोर आणि यमासमोर वाद घालणारी, कुऱ्हाड घेऊन अंधारातून चालणारी मुलगी आपण दोऱ्यात गुंडाळून ठेवली आणि मग आमच्या मुलींना तिच्याविषयी काही वाटत नाही, अशी तक्रार करू लागलो. रुक्मिणीचेही तेच. तीही कुंडिनपुरचीच. भागवताच्या दशम स्कंधात तिने श्रीकृष्णाला धाडलेला सात श्लोकांचा निरोप आहे. त्यात केवळ प्रेम नाही, पूर्ण योजना आहे. अंतःपुरातून नेलेस तर माझ्या आप्तांचे रक्त सांडेल, म्हणून आमच्या कुळाच्या रीतीप्रमाणे विवाहाच्या आदल्या दिवशी मी नगराबाहेर गिरिजेच्या दर्शनाला येईन, तेथून ने. नाथमहाराजांनी १५७१ साली काशीला 'रुक्मिणीस्वयंवर' पूर्ण केले. लग्न जमावे म्हणून उपवर मुलीने त्याचे पारायण करण्याची चाल आपल्याकडे आजही आहे. ज्या मुलीने घरच्यांनी ठरवलेले लग्न मोडून मनाचा वर मिळवला, तिच्या कथेचे पारायण आईवडील ठरवतील ते लग्न लवकर व्हावे म्हणून! विनोदाचा भाग सोडा, पण पोथी वाचूनही न वाचण्याची कला आपल्याला चांगली साधली आहे.

मघाशी म्हटले, की 'विचारू नकोस' ही अट पाश्चात्त्य कथांत येते. आपल्याकडेही येते, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र ती कुठे येते, ते पाहण्याजोगे आहे. गंगा शंतनूला सांगते, मी काहीही केले तरी विचारू नकोस. सात मुले प्रवाहात जातात, आठव्या वेळी तो विचारतो आणि ती निघून जाते. उर्वशी पुरूरव्याला अटी घालते. अट मोडते आणि ती जाते. अमराने मर्त्याशी अट घालून केलेला संसार आपल्या कथांत टिकत नाही. टिकतात ते नल-दमयंती आणि सत्यवान-सावित्री, जिथे विवाहापूर्वी सर्व काही सांगितले गेले आहे. हा योगायोग आहे की कथाकारांची दृष्टी, ते विद्वानांनी ठरवावे. मला ती दृष्टी वाटते.

मराठीतली तुटलेली साखळी

तरुण मुलामुलींसाठी पुराणातील प्रेमकथा नव्याने सांगणे, हे काही अमेरिकेतून आलेले खूळ नव्हे. मराठी काव्याच्या पहाटेलाच ते आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातील महदंबेने ऋद्धिपुरात जे धवळे रचले, ते श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचेच गाणे. मराठीची आद्य कवयित्री लिहिते कशावर, तर एका प्रेमविवाहावर. त्याच शतकात रामदेवराव यादवाच्या दरबारी असलेल्या नरेंद्राने 'रुक्मिणीस्वयंवर' रचले. राजाने ते आपल्या नावावर करून मागितले आणि कवीने नकार दिला, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे.

छपाईचे युग आल्यावरही हाच ओढा दिसतो. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची. समीक्षकांनी पुढे या अद्भुतरम्य कादंबऱ्यांची यथेच्छ थट्टा केली, आणि त्या थट्टेत तथ्यही होते. तथापि त्या काळी नुकतेच वाचू लागलेले तरुण त्यांवर तुटून पडत, हेही खरे. मग १८८० साली याच पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि १८८२ साली 'सौभद्र'.

'सौभद्र'चे उदाहरण मुद्दाम घेतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर येथून फार दूर नाही. तेथे १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धशतकभर शेकडो हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकरांसारख्या पंडिताने त्यात आयुष्य वेचले. त्या आवृत्तीच्या मुख्य पाठात सुभद्रेला काय हवे, हे कुणी विचारतच नाही. श्रीकृष्ण म्हणतो, स्वयंवरात स्त्रीचे मन कुणाकडे वळेल याचा नेम नाही, तेव्हा हिला हरण करून ने. अर्जुनाने यतिवेष घ्यावा, बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची असावी आणि सुभद्रेचेही मन अर्जुनावर जडलेले असावे, ही कथा भागवतात आणि दक्षिणेकडील महाभारताच्या पोथ्यांत येते. किर्लोस्करांनी तो धागा घेतला आणि सुभद्रेला रुसायला, रडायला, हट्ट करायला, गायला लावले. मुकी मुलगी बोलकी झाली. शतकाहून अधिक काळ मराठी माणसाने त्या सुभद्रेवर जीव टाकला आणि कुणी त्यांना पुराणद्रोही म्हटले नाही.

उलट दिशेचेही उदाहरण आहे. महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत अंगठी नाही, दुर्वासाचा शाप नाही. राजाला सर्व आठवत असते आणि तरी तो तिला ओळख देत नाही. तेव्हा ती भर दरबारात त्याला सत्य आणि धर्म यांवर असे काही सुनावते, की वाचताना आपण ताठ होऊन बसतो. कालिदासाने शाप आणि अंगठी आणून राजाला निर्दोष केले, जगाला एक अलौकिक नाटक दिले, पण ती दरबारातली तेजस्वी मुलगी मृदू झाली. कालिदासाविषयी असे बोलण्याचा माझा अधिकार किती, हे मला ठाऊक आहे. कला शाखेचा पदवीधर, त्यातून पत्रकार! तरीही दोन्ही वाचल्यावर मुली कोणत्या शकुंतलेला निवडतील, याविषयी मला फारशी शंका नाही.

पुढे १९५९ साली खांडेकरांची 'ययाति' आली. मूळ कथेत देवयानीशी शापांची देवाणघेवाण करून निघून गेलेला कच त्यांनी पुन्हा कथेत आणला. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्या कादंबरीला मिळाला. १९६७ साली शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली. माझ्या पिढीने ही पुस्तके कॉलेजात असताना रात्र-रात्र जागून वाचली. पण ती काही चौदा वर्षांच्या मुलीसाठी लिहिलेली पुस्तके नव्हेत. लहानपणी आम्हाला 'चांदोबा' होता, आता तो बंद झाला. 'अमर चित्रकथा' १९६७ पासून आहे, पण ती बत्तीस पानांत संपते. आज मराठी पुस्तकांच्या दुकानात जा. बालसाहित्याचा कप्पा संपला, की एकदम 'मृत्युंजय'. मधल्या सहा-सात वर्षांसाठी, म्हणजे नेमके ज्या वयात मन पहिल्यांदा कुणासाठी तरी झुरू लागते त्या वयासाठी, आम्ही काय लिहिले? साहसासाठी भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे दिला. प्रेमासाठी काहीच दिले नाही. त्या वयात मुली प्रेमाविषयी वाचत नाहीत, असे आम्ही समजून चाललो. २०१० साली अमीश यांचे मेलुहाविषयीचे पुस्तक आले आणि त्यातील शिव-सतीची प्रेमकथा तरुणांनी डोक्यावर घेतली. मराठीत ती आली ती अनुवाद होऊन.

कर्व्यांच्या सुनेची 'नरोटी'

मग कुणी विचारील, की पुराणकथेत किती बदल करावा, याला काही मर्यादा आहे की नाही? याचे मला पटलेले उत्तर याच परिसराशी नाते असलेल्या एका विदुषीकडे आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत आणला. त्यांच्या नावाच्या या नगरात आज महाराष्ट्रभरातून आलेल्या मुली वसतिगृहांत राहून अभियंता होतात, वास्तुविशारद होतात. त्याच महर्षींच्या सूनबाई इरावती कर्वे. त्यांचे 'युगान्त' १९६७ साली प्रकाशित झाले आणि १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला लाभला. त्यातील द्रौपदीवरच्या लेखात हिमालयाच्या वाटेवर कोसळलेल्या द्रौपदीच्या अखेरच्या क्षणांचे एक चित्र येते. ते महाभारतात नाही, इरावतीबाईंच्या कल्पनेतले आहे. पण ते रंगवण्यापूर्वी बाई थांबतात आणि वाचकाला सांगतात, की आतापर्यंतचे विवेचन चिकित्सक आवृत्तीच्या आधाराने होते, येथून पुढे माझी 'नरोटी' आहे. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी. केवढा हा प्रामाणिकपणा आणि केवढा विनय! आणि गंमत अशी, की 'युगान्त' वाचलेल्या बहुतेकांना तीच नरोटी सर्वांत जास्त आठवते.

नव्या लेखकांकडून माझी एवढीच अपेक्षा आहे. कल्पना खुशाल करा. यमाला राजपुत्र करा, पांडवांना मुली करा. फक्त आमच्या मुलीला कळू द्या, की व्यासांची जमीन कुठे संपली आणि तुमचा पतंग कुठे सुरू झाला. 'मूळ कथा अशी होती' एवढी दोन पाने शेवटी जोडली तरी पुरे. काही लेखक ते करतातही. जे करत नाहीत, त्यांचे काम घरच्यांनी करायचे आहे. पण घरच्यांना मूळ कथा ठाऊक असेल तर ना! मुलीने 'बाबा, यमाचे लग्न झाले होते का?' असे विचारले, तर निम्मे बाप 'अभ्यास कर' म्हणतील.

म्हणून संयोजकांना एक सूचना करतो. येथे वाचनवर्ग सुरू करणार असाल, तर निबंधस्पर्धा आणि पाठांतर यांनी सुरुवात करू नका. सावित्रीचे आख्यान चिकित्सक आवृत्तीत अवघे सात अध्याय आहे. एका रविवारी दुपारी चांगल्या मराठी भाषांतरातून मोठ्याने वाचून होईल. नलोपाख्यान सुमारे तीस अध्यायांचे आहे, त्याला दिवाळीची सुट्टी लागेल. वाचताना कापाकापी करू नका. नलाने पाय न धुता संध्या केली, एवढी फट पाहून बारा वर्षे टपून बसलेला कली त्याच्या देहात शिरतो, हे ऐकून मुली हसतील, हसू द्या. नल द्यूतात बुडतो आहे हे ओळखून दमयंती वेळीच सारथ्याबरोबर मुलांना माहेरी पाठवते, ते दाखवा. उषेला स्वप्नात दिसलेला तरुण कोण, हे शोधण्यासाठी तिची मैत्रीण चित्रलेखा एकामागून एक चित्रे काढत जाते आणि अनिरुद्धाला झोपेतच द्वारकेहून उचलून आणते, ही भागवतातली कथाही घ्या. कोणत्याही नव्या कादंबरीच्या तोडीचे अद्भुत आहे त्यात. वर्गात इंग्रजी पुस्तके आणायला मुलींना बंदी नको. माया आणि सावित्री शेजारी-शेजारी ठेवून वाद घालू द्या. त्या वादात आपण मोठ्यांनी शक्यतो गप्प बसावे.

आत्ताच पुढच्या रांगेतून एक चिठ्ठी आली आहे. 'नलाने दमयंतीला झोपेत रानात टाकले, तिचे अर्धे वस्त्र फाडून घेतले. मग तिने त्याला परत का घेतले?' प्रश्न चोख आहे. मी मघापासून या माणसाची एवढी स्तुती केली, तेव्हा त्याचे उत्तर देणे भाग आहे.

सहजासहजी घेतले नाही, हे प्रथम सांगतो. माहेरी आलेली दमयंती ब्राह्मणांकरवी गावोगाव एक कोडे पाठवते. ते ऐकून अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा कुरूप सारथी बाहुक विव्हळतो, एवढाच धागा हाती येतो. मग ती दुसऱ्या स्वयंवराची खोटी वार्ता ऋतुपर्णाला धाडते, तीही आदल्या दिवशी, कारण एका दिवसात शंभर योजने रथ हाकणारा पृथ्वीवर एकच माणूस तिला ठाऊक आहे. रथ येतो. ती पाहायला जात नाही. केशिनी या दासीला नजर ठेवायला पाठवते. रिकामी भांडी त्याने पाहताच पाण्याने भरतात, बुटके दार त्याच्यासाठी उंच होते, हातात चुरलेली फुले अधिकच टवटवीत होतात. देवांनी विवाहात दिलेले वर. तरीही खात्री नाही. त्याने रांधलेल्या अन्नाची चव घेऊन पाहते. मुलांना त्याच्याकडे पाठवते. तो त्यांना कवटाळून रडतो. एवढे झाल्यावरच मातापित्यांच्या संमतीने त्याला समोर बोलावते. भगवी वस्त्रे, जटा झालेले केस, अंगावर मळ, अशा वेषात ती उभी राहते आणि त्याला पहिला प्रश्न विचारते. बाहुका, निरपराध, थकलेल्या, झोपलेल्या पत्नीला रानात टाकून जाणारा, स्वतःला धर्मज्ञ म्हणवणारा एखादा पुरुष तू कधी पाहिला आहेस काय?

त्याने काय उत्तर दिले आणि त्यावर तिने काय म्हटले, ते मी सांगत नाही. ग्रंथालयात वनपर्व असेल. उपाख्यानाच्या शेवटच्या काही अध्यायांत ते सापडेल. ज्या मुलीने चिठ्ठी पाठवली, तिने ते वाचून पुढच्या बैठकीत सर्वांना सांगावे, आणि दमयंतीने केले ते तिला पटले की नाही, हेही सांगावे.